पसंतीक्रम: भीतीचा की आवडीचा?

(स्मृतिव्याख्यानमालेत नॉलेज सिटी, मोहाली येथे मराठी विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणिताचे शिक्षक होते. बारावीचा निकाल लागला की त्यांच्याकडे मुलांची रीघ लागायची आणि बहुतेकांच्या हातात कॉलेजांच्या यादीचा कागद असायचा. म्हणून संयोजकांनी यंदा ‘प्रवेश अर्जातला पसंतीक्रम’ हा विषय सुचवला, तेव्हा तो मला सरांच्या स्मृतीला साजेसा वाटला. विषय दिसायला किरकोळ आहे. पण मे ते ऑगस्ट या काळात लाखो घरांत याच एका कागदावरून जागरणे होतात, भांडणे होतात, ओळखीच्या प्रत्येकाला फोन जातात. एवढा वेळ आणि एवढा ताण जिथे खर्च होतो, तिथे थोडा विचारही व्हायला हवा.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. यादीत कोणती नावे असावीत, हे घराने मिळून ठरवावे. त्या नावांचा क्रम मुलाने किंवा मुलीने लावावा. आणि तो क्रम खऱ्या आवडीचा असावा, ‘आपल्याला काय मिळेल’ या अंदाजाचा नसावा. हा काही सुविचार नव्हे. आजच्या मोठ्या प्रवेशप्रक्रियांमागे जे गणित आहे, ते हेच सांगते. काही ठिकाणी आपले नियम त्या गणिताच्या आड येतात. त्याबद्दलही बोलणार आहे.

सात संस्था, एक यादी

आपण बसलो आहोत तो परिसर या विषयासाठी योग्यच आहे. बोलताना आपण ‘चंदीगडला आहे’ असे म्हणतो. प्रत्यक्षात नॉलेज सिटी चंदीगडच्या हद्दीबाहेर, पंजाबच्या साहिबजादा अजितसिंग नगर जिल्ह्यात, मोहालीच्या सेक्टर ८१ मध्ये येते. इथे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची आयसर मोहाली आहे, नॅनो विज्ञानाची आयएनएसटी आहे, कृषी-अन्न जैवतंत्रज्ञानाची नाबी आहे, आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्या आयएसबीचा परिसरही आहे. आयसर २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा तिला स्वतःची इमारत नव्हती. चंदीगडच्या सेक्टर २६ मधल्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात तिचे पहिले वर्ग भरले.

देशात आयसर सात आहेत. पुणे आणि कोलकाता २००६ च्या, मोहाली २००७ ची, भोपाळ आणि तिरुवनंतपुरम २००८ च्या, तिरुपती २०१५ ची आणि बेऱ्हमपूर २०१६ ची. सातही ठिकाणी पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे आणि प्रवेशासाठी सर्वांची मिळून एकच परीक्षा होते. तीन तासांत साठ प्रश्न. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी पंधरा. परीक्षा झाली की मुलाने या सात संस्थांना क्रम लावायचा.

सात नावे किती प्रकारे लावता येतात? पाच हजार चाळीस प्रकारे. वीस पर्याय असतील तर ही संख्या एकोणीस अंकी होते. म्हणजे सगळे क्रम डोळ्यांखालून घालून त्यातला उत्तम निवडणे कोणालाच शक्य नाही. कसला तरी नियम धरूनच क्रम लावावा लागतो, आणि बहुतेक घरांत तो नियम न बोलता ठरलेला असतो: गेल्या वर्षी जिथे जागा सर्वांत आधी भरल्या ते नाव पहिले, त्यानंतर भरल्या ते दुसरे. महाराष्ट्रातला विद्यार्थी असेल तर पुणे वर, मोहाली बरीच खाली. लांब आहे, थंडी आहे, ओळखीचे कोणी नाही.

मोहाली वर असायला हवी, असे मला म्हणायचे नाही. पुणे खरेच आवडत असेल तर पुणेच पहिले लिहावे. पण जो मुलगा मोहालीला सहाव्या क्रमांकावर टाकतो, त्याने इथे कोणते प्राध्यापक कोणते काम करतात, शेजारच्या संस्थांमध्ये उन्हाळी प्रकल्प करता येतो का, पहिल्या सत्रांत सगळ्यांना सगळे विषय शिकावे लागतात की नाही, यातले काही पाहिलेले असते का? बहुधा नसते. त्याने क्रम लावलेला नसतो, उतरवून घेतलेला असतो.

संगणक नेमके काय करतो

यादीबद्दलची सगळ्यात मोठी भीती अशी: ‘वरचे नाव पहिले लिहिले आणि ते मिळाले नाही, तर दुसरे हातचे जाईल.’ ही भीती खरी की खोटी हे पाहण्यासाठी संगणक काय करतो ते समजून घेऊ.

सर्वांत सोपा प्रकार आधी. एकच गुणवत्ता यादी आहे, आरक्षणाचे गट क्षणभर बाजूला ठेवू. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला त्याची पहिली पसंती मिळते. दुसऱ्या क्रमांकाचा आला की त्याच्या यादीतले वरून पहिले मोकळे नाव त्याला मिळते. असे करत तुमचा क्रमांक येतो. समजा तुम्ही पुणे पहिले आणि मोहाली दुसरे लिहिले आहे. तुमची पाळी आली तेव्हा पुण्यात जागा नाही. मग संगणक मोहाली पाहतो. मोहालीत जागा असेल तर ती तुमची. तुम्ही पुणे पहिले लिहिले म्हणून तुमच्या मागचा कोणी मोहालीत तुमच्या आधी घुसू शकत नाही, कारण त्याची पाळीच अजून आलेली नाही. पहिले नाव मिळाले नाही याचा दुसऱ्या नावावर काडीइतकाही परिणाम होत नाही.

आता आरक्षणाचे गट, राज्याचा कोटा, वेगवेगळ्या परीक्षांच्या वेगवेगळ्या गुणवत्ता याद्या असे सगळे एकत्र आले की काम अवघड होते. एकाच विद्यार्थ्याचा एका संस्थेत वरचा क्रमांक आणि दुसरीत खालचा, असे होऊ शकते. ही गाठ सोडवणारी रीत १९६२ मध्ये दोन अमेरिकी गणितज्ञांनी मांडली. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांचा लेख अवघ्या काही पानांचा आहे, आणि तो गणिताच्या शिक्षकांनी वाचावा अशा मासिकात, ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मध्ये आला. लेखाच्या शीर्षकातच कॉलेज प्रवेश आणि लग्ने जुळवणे हे दोन्ही विषय होते.

त्यांची रीत अशी. प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजाकडे जातो. कॉलेज आपल्या जागांइतके सर्वांत वरचे विद्यार्थी तात्पुरते धरून ठेवते आणि बाकीच्यांना नाही म्हणते. नकार मिळालेले आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. तिथे आधी धरून ठेवलेले आणि नवे आलेले यांची पुन्हा तुलना होते. नवा जास्त पात्र असेल तर आधीचा सुटतो आणि आपल्या पुढच्या पसंतीकडे जातो. कोणालाही नवा नकार मिळेनासा झाला की थांबायचे, आणि त्या क्षणी जो जिथे आहे ती जागा पक्की करायची.

या रीतीचा जीव ‘तात्पुरते’ या अटीत आहे. कोणतेही कॉलेज शेवटपर्यंत कोणालाही पक्का होकार देत नाही. म्हणून एखाद्याने तुमचे कॉलेज पहिले लिहिले आणि तुम्ही तेच चौथे लिहिले, तरी तुमचा क्रमांक वर असेल तर तुम्ही तिथे उशिरा पोचूनही ती जागा तुम्हालाच मिळते. पहिल्या पसंतीवर ‘वाया’ गेलेला वेळ इथे मोजलाच जात नाही. पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी सिद्ध झाले की या रीतीत विद्यार्थ्याला खोटा क्रम लिहून कधीही फायदा होत नाही. इतरांनी काय लिहिले आहे ते कळो न कळो, खरा क्रम हीच त्याची सर्वांत चांगली चाल. या विचाराला पुढे प्रत्यक्षात उतरवणारे ॲल्विन रॉथ आणि शॅपली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल २००८ मध्ये गेले होते.

आपल्याकडे २०१५ पासून आयआयटी, एनआयटी आणि इतर केंद्रीय अनुदानित तंत्रसंस्थांचे प्रवेश ‘जोसा’ या संयुक्त जागावाटप व्यवस्थेमार्फत एकत्र होऊ लागले. त्यामागची आज्ञावली याच रीतीवर, आपल्या आरक्षणाच्या नियमांना बसेल अशी बेतलेली आहे. ती घडवणाऱ्यांत आयआयटी कानपूरचे सुरेंदर बसवाना आणि त्यांचे सहकारी होते. आज त्यात सव्वाशेच्या आसपास संस्था आहेत. चंदीगडचे पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे पेक, हेही त्यातलेच. जोसात पर्यायांना मर्यादा नाही, हवे तितके लिहा. त्यामुळे तिथे ‘सेफ’ कॉलेज वर ठेवण्याला अर्थच उरत नाही. सेफ कॉलेज यादीत जरूर असावे, त्याची जागा मात्र तळाला.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. संगणक तुम्हाला वरच्या पसंतीकडे नेताना पुन्हा विचारत नाही. जागा मिळाल्यावर तुम्ही ‘फ्लोट’ निवडले, म्हणजे कोणत्याही संस्थेतली वरची पसंती चालेल असे सांगितले, आणि पुढच्या फेरीत वरचे नाव मिळाले, तर आधीची जागा आपोआप जाते. ‘स्लाइड’ निवडले तर त्याच संस्थेतल्या वरच्या शाखेपुरताच हा बदल होतो. ‘फ्रीझ’ म्हणजे मिळाले ते पुरे. म्हणून नातेवाइकांना दाखवायला, किंवा ‘येणार थोडेच आहे’ म्हणून वर टाकलेले नाव एखाद्या वर्षी येते, आणि मग रडारड होते. जे वर लिहिले ते मिळाले तर आनंदाने जाणार, ही खात्री असेल तरच ते वर लिहावे.

मग ही भीती आली कुठून?

ही भीती पालकांनी मनाने काढलेली नाही, त्यांना ती अनुभवाने शिकवली आहे. एके काळी प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळे, यादी लागण्याचा दिवस वेगळा. एका कॉलेजात पैसे भरून जागा धरायची, दुसऱ्या कॉलेजची यादी लागेपर्यंत वाट पाहायची, तिथे नाव आले तर पहिल्याचे पैसे बुडवायचे. महाराष्ट्रात १९८३ मध्ये विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. पर्याय वाढले तसा हा गोंधळही वाढला. त्या काळात ‘हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये’ हे शहाणपणच होते. त्या वेळचे विद्यार्थी आज पालक आहेत आणि तेच शहाणपण नव्या अर्जाला लावत आहेत.

यात आपण एकटे नाही. अमेरिकेत बॉस्टन शहराच्या शाळाप्रवेशात पूर्वी असा नियम होता की प्रत्येक शाळेच्या जागा आधी तिला पहिली पसंती देणाऱ्यांनी भरायच्या, उरल्या तरच दुसऱ्या पसंतीवाल्यांकडे पाहायचे. तिथे खरे लिहिणारे पालक फसत. चांगली शाळा पहिली लिहिली आणि ती मिळाली नाही, तर दुसरी शाळा तोवर भरून गेलेली असे. जाणकार पालक एकत्र येऊन डावपेच आखत, साधे पालक खरे लिहून मागे पडत. अर्थशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्यावर बॉस्टनने २००५ मध्ये ती पद्धत सोडून गेल-शॅपलींच्या रीतीवर आधारलेली पद्धत घेतली. खोटे लिहिणाऱ्याला बक्षीस देणारी पद्धत शेवटी माहितगारांनाच बक्षीस देते, हा यातला धडा आहे. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याच्या घरी डावपेच सांगणारे कोणी नसते. खरे लिहूनही ज्यात तोटा होत नाही, तीच पद्धत त्याच्या बाजूची.

कट-ऑफ कशाचे माप आहे?

संगणकाची भीती गेली तरी दुसरा मोह राहतो, कट-ऑफचा. गेल्या वर्षी अमुक शाखा अमुक क्रमांकावर बंद झाली, म्हणून ती तमुक शाखेपेक्षा चांगली, असे आपण सहज म्हणतो. पण कट-ऑफ म्हणजे गेल्या वर्षीच्या मुलांच्या पसंतीक्रमांची बेरीज. त्या मुलांनी तरी क्रम कशावरून लावला होता? त्याच्या आदल्या वर्षीच्या कट-ऑफवरून. असे मागे मागे गेले तर मुळाशी कुणी तरी खरोखर विचार केलेला सापडेलही, पण मधली कितीतरी वर्षे नुसती नक्कल असते. कट-ऑफ गर्दी मोजतो. विभागात किती प्राध्यापक आहेत, प्रयोगशाळा चालू आहे का, तिसऱ्या वर्षी काय शिकवतात, यातले त्यात काही नसते.

याचा सामाजिक परिणामही आहे. संगणकशास्त्राकडे सगळेच धावतात तेव्हा त्यात आवडीने आलेले, आकडा पाहून आलेले आणि घरच्यांनी ढकललेले यांची सरमिसळ होते. उलट एखाद्या उत्तम विभागात मुले ‘मिळाले म्हणून’ आलेली असतात आणि वर्षभर शाखा बदलून मिळण्याची वाट पाहतात. कट-ऑफ हे पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी आपण सोडून जाणारे चिन्ह असते. तुमची यादी खरी असेल तर तुमच्या मागच्याला त्यातून थोडी खरी माहिती मिळते.

इथे पेकच्या एका विद्यार्थिनीचे नाव सर्वांनाच आठवेल. हरयाणातल्या कर्नालच्या कल्पना चावला १९८२ मध्ये याच कॉलेजातून एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या काळी मुलींनी घ्यावी अशी ही शाखा मानली जात नसे. आवड धरली की अंतराळात जाता येते, असा निष्कर्ष मी त्यांच्या उदाहरणावरून काढणार नाही. तसे करणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. त्याच वर्गातल्या इतरांचे काय झाले, हे आपण कधी विचारत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की ती शाखा त्यांनी मागितली, म्हणून त्यांच्या वाट्याला आली. जे आपण लिहीतच नाही, ते कोणतेही गणित आपल्याला देऊ शकत नाही.

क्रम कसा लावायचा?

‘खरी आवड लिहा’ हे सांगणे सोपे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आपली खरी आवड माहीत असतेच असे नाही. पण आवड शोधण्याला थोडीशी शिस्त लावता येते.

पहिली गोष्ट, एका वेळी दोनच नावे घ्या. वीस नावांकडे पाहून क्रम सुचत नाही. दोन नावे समोर ठेवून विचारा: या दोन्ही ठिकाणांची प्रवेशपत्रे आज हातात असती, तर मी कोणते ठेवले असते? उत्तर आले की पुढची जोडी. बाजारात आंब्याची पेटी घेताना आपण दोन आंबे हातात घेऊन पाहतो, तसे. काही वेळा गंमत होते. पहिले दुसऱ्यापेक्षा बरे, दुसरे तिसऱ्यापेक्षा बरे, आणि तिसरे मात्र पहिल्यापेक्षा बरे, असे निघते. तसे झाले तर समजा की तुम्ही प्रत्येक जोडीला वेगळे माप लावत आहात: एकदा शाखा, एकदा शहर, एकदा मित्र कुठे जातो आहे ते. मग आधी ही मापे कागदावर मांडा आणि त्यातले मोठे कोणते ते ठरवा.

दुसरी गोष्ट, संस्थेच्या नावाऐवजी तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचा. सगळ्या अभियांत्रिकीचे पहिले वर्ष बऱ्यापैकी सारखे असते. तिसऱ्या वर्षात शाखेचा खरा चेहरा दिसतो. त्यातले विषय वाचताना उत्सुकता वाटते की धसका बसतो, हे तुमचे तुम्हाला कळते. आयसरसारख्या ठिकाणी पहिल्या सत्रांत सर्व विज्ञाने शिकून मग मुख्य विषय घेता येतो. ज्याचा भौतिकशास्त्र की जीवशास्त्र असा गोंधळ आहे, त्याच्यासाठी ही मोठी सवलत आहे. पण तिथेही तयारी आधीच लागते. प्रवेशासाठी बारावीला चारपैकी किमान तीन विषय लागतात आणि परीक्षेत मात्र चारही विषयांचे प्रश्न असतात. आपल्याकडे अकरावीत ‘ग्रुप’ ठरवताना एखाद्याने गणित सोडले, की साठातले पंधरा प्रश्न त्याच दिवशी जड होऊन बसतात. पहिला पसंतीक्रम खरे तर अकरावीतच लागतो, आणि त्या वेळी कोणी व्याख्यान द्यायला येत नाही.

तिसरी गोष्ट, शाखा की संस्था हा जुना वाद. याला सर्वांसाठी एक उत्तर नाही. ज्याला आपल्याला काय करायचे ते नक्की माहीत आहे, त्याने शाखा वर ठेवावी. ज्याला नक्की माहीत नाही, त्याने अशी संस्था वर ठेवावी जिथे विषय बदलणे, दुसऱ्या विभागाचे विषय घेणे, प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम करणे शक्य आहे. दोघांच्याही यादीत एकच नावे असतील आणि क्रम मात्र वेगळा असेल. म्हणूनच मैत्रिणीची यादी आपल्याला चालत नाही.

चौथी गोष्ट, अंतर. पुण्या-नाशिकहून इथे यायला गाडीने एक दिवस-रात्र आणि वर थोडे तास जातात. जूनची लू आणि जानेवारीचे धुके दोन्ही सोसावे लागते. जेवणात भातापेक्षा पराठा जास्त दिसतो. ही कारणे क्षुल्लक नाहीत. काही मुलांना ती खरोखर जड जातात आणि त्यांनी तसे प्रामाणिकपणे मानावे. पण मराठी माणसाला पंजाब परका आहे, हे मात्र मला पटत नाही. संत नामदेवांना तो परका वाटला नाही. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानमध्ये आजही त्यांचे स्थान जपलेले आहे आणि २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. तुम्ही तर विमानतळ जवळ असलेल्या शहरात येत आहात.

घरात कामाची वाटणी

आता पालकांशी थोडे बोलतो. मुलाच्या शिक्षणाचा खर्च तुम्ही करणार, काळजी तुम्ही वाहणार, म्हणून तुमचा अधिकार आहेच. तो कुठे वापरायचा, एवढाच प्रश्न आहे.

अमुक शुल्क परवडणार नाही, कर्ज काढायचे नाही, घरात आजारी माणूस आहे म्हणून मुलीला फार लांब पाठवता येणार नाही, ही कारणे यादी करण्याच्या आधी सांगा आणि ती नावे काढून टाका. हा नकार स्पष्ट असतो. मुलाला वाईट वाटते, पण फसवल्यासारखे वाटत नाही. मात्र नावे यादीत ठेवून रात्री अकरा वाजता, फॉर्म लॉक करताना, वरखाली करू नका. ‘दोन्हीही चालतील ना, मग हे वर असू दे’ असे म्हणून क्रम बदलला की ज्याने पाच वर्षे तिथे काढायची, त्याच्या मताला शेवटच्या क्षणी बाजूला सारल्यासारखे होते. मुलींच्या बाबतीत हे जास्त होते, आणि बहुधा सुरक्षिततेच्या नावाखाली होते. सुरक्षिततेची शंका असेल तर वसतिगृह पाहा, तिथे शिकणाऱ्या मुलींशी बोला आणि मग नाव ठेवा किंवा काढा. ठेवले असेल तर ते किती वर असावे, हे तिने ठरवावे.

मुलांनीही या वाटणीची दुसरी बाजू पाळावी. घराने जे नाव यादीत ठेवायला होकार दिला, ते मिळाल्यावर ‘मला हे नकोच होते’ म्हणू नये. नको असलेले नाव यादीत ठेवू नका, अगदी शेवटीही नाही. त्याऐवजी एक वर्ष थांबणे बरे वाटत असेल, तर ते घरात आधी बोला.

महाराष्ट्राचे नियम

इथपर्यंत मी जे बोललो, ते विद्यार्थ्याला पूर्ण मोकळीक देणाऱ्या पद्धतींबद्दल होते. महाराष्ट्रात चित्र थोडे वेगळे आहे.

अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २००९ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि २०२५ मध्ये ते साऱ्या राज्याला लागू झाले. त्यात जास्तीत जास्त दहा पसंती देता येतात, आणि पहिली पसंती मिळूनही प्रवेश घेतला नाही तर नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर जातो. पहिली पसंती खरोखर पहिली असेल तर या सक्तीने काही बिघडत नाही. दहाची मर्यादा मात्र विचार करायला लावते. दहाच्या दहा नावे आवाक्याबाहेरची टाकली तर फेरी रिकामी जाते. म्हणून इथे कोणती नावे घ्यायची, याबाबत व्यवहार पाहावा: दोन-तीन उंच, बरीचशी आपल्या गुणांच्या आसपासची, एक-दोन खात्रीची. पण एकदा दहा निवडली की त्यांचा आपसातला क्रम पुन्हा खऱ्या आवडीचाच ठेवावा. मर्यादा असली तरी निवडलेल्या नावांत खोटा क्रम लावून काही मिळत नाही.

अभियांत्रिकीच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांत ‘ऑटो फ्रीझ’ आहे: ठरावीक क्रमांकापर्यंतची पसंती मिळाली की ती आपोआप पक्की होते. २०२५ मध्ये चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागे, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतली कोणतीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतली. बेटरमेंटची, म्हणजे पुढच्या फेरीत वरची पसंती मिळण्याची, संधी तिथेच संपे. हेतू समजण्यासारखा आहे: मुले जागा अडवून बसतात, फेऱ्या लांबतात, वर्ग सप्टेंबरपर्यंत सुरू होत नाहीत. पण परिणाम पाहा. जिला तिसरे नाव दुसऱ्या फेरीत मिळाले, तिला पुढच्या फेरीत पहिले मिळू शकत असले तरी दार बंद. मग माहितगार विद्यार्थी काय करतात? वर अशी नावे भरतात जी आपल्याला कधीच येणार नाहीत, आणि खरी पसंती चौथ्या-सातव्या जागेवर सरकवतात. ज्याला कोणी हे सांगितले नाही, तो खरे लिहितो आणि अडकतो. बॉस्टनमध्ये जे घडले, त्याचाच हा सौम्य प्रकार आहे. जागा अडवण्यावर उपाय हवा असेल तर तो शुल्काच्या आणि मुदतीच्या नियमांत शोधता येईल; पसंतीच्या यादीत तो घालू नये.

दुसरी अडचण पद्धती अनेक असल्याची. एकाच हुशार मुलाला जोसात एक, आयसरमध्ये एक आणि महाराष्ट्राच्या कॅपमध्ये एक अशा जागा मिळतात. तो शेवटी एकाच ठिकाणी जातो, बाकीच्या जागा उशिरा सुटतात, आणि ज्याला त्या हव्या होत्या तो तोवर दुसरीकडे पैसे भरून मोकळा झालेला असतो. आयआयटी आणि एनआयटी २०१५ च्या आधी अशाच वेगवेगळ्या वाटांनी प्रवेश देत होत्या. त्या एकत्र आल्या. पण एकत्र आणण्याचे हे काम अर्ध्यावर थांबले आहे. विज्ञानसंस्था आणि राज्यांच्या फेऱ्या निदान एका वेळापत्रकात बांधणे अशक्य नाही.

शेवटी

नियम बदलणे आपल्या हातात नाही, त्यासाठी मागणी करणे आहे. शिक्षक, पालक संघटना आणि प्रवेशाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: दरवर्षी नियमपुस्तिका काढताना तिच्या पहिल्या पानावर, सोप्या मराठीत, एक गोष्ट स्पष्ट लिहा. या पद्धतीत खरा पसंतीक्रम लिहिल्याने विद्यार्थ्याचे नुकसान होते का? उत्तर ‘नाही’ असेल तर तसे छापा, म्हणजे निम्म्या घरांतले जागरण थांबेल. उत्तर ‘हो’ असेल तर तो नियम बदला.

आणि यंदा ज्यांच्या घरी अर्ज भरला जाणार आहे, त्यांना एवढेच सांगतो. नको ती नावे आजच काढा. उरलेली दोन-दोन करून तोलून पाहा. मुदतीच्या आदल्या दिवशी फॉर्म भरून लॉक करा, शेवटच्या तासावर ठेवू नका. आणि लॉकचे बटण मुलाला दाबू द्या.